सरांच्या भुवईचे सोळा केस

मावशींच्या भुवयांवर त्या प्रयोगशाळेचं निम्मं शास्त्र उभं होतं. हे ऐकून बाहेरचा माणूस हसतो. हसू दे बापड्याला. त्याने बेडकाचा गर्भ कधी हाताळलेला नसतो.

मोहरीच्या दाण्याएवढा तो गोळा. चिमट्याने धरला की फुटतो, सुईने ढकलला की फाटतो. त्याला नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर करायचं म्हटलं तरी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. डोक्याचा केस त्या कामाला नुसता लोळतो, ब्रशचा केस बोथट पडतो. भुवईचा केस मात्र बुडाशी ताठ, टोकाला निमुळता आणि मधे बेताचा बाक असलेला. काचेच्या बारीक नळीच्या टोकाला मेणाने चिकटवला की झालं हत्यार तयार. त्या हत्याराचं नावही तिथे ‘भुवई’च होतं. ‘जरा ती भुवई दे’, ‘माझी भुवई कुणी घेतली?’ असं दिवसभर चाले आणि नवा माणूस दारातच थबके.

बावीस वर्षांपूर्वी मावशी त्या इमारतीचे जिने झाडायला होत्या. एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी त्यांना जिन्यातच अडवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि टक लावून बघत विचारलं, “तुमच्या भुवईचा एक केस मिळेल का हो?” मावशी बादली घेऊन चार पायऱ्या मागे सरकल्या. केस मागणारं माणूस म्हणजे करणी करणारं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण रात्रभर डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून वर गेल्या, केस दिला, आणि मोबदला म्हणून सूक्ष्मदर्शकातून बघायला मिळालं. आत एक गोळा होता आणि बघता बघता त्याचे दोन झाले. मावशी तिथून हलेनात. बाईंनी स्टूल दिलं. मग दोनाचे चार झाले. जिने त्या दिवशी कुणी झाडले, ते अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मावशी बेडूकघराच्या. सातवी शिकलेल्या, पण बेचाळीस बेडकांपैकी कुठल्या मादीचं पोट कधी भरणार, हे त्या पाण्याकडे बघून सांगत. हे बेडूक नख्यांचे, चपटे, जन्मभर पाण्यात राहणारे. त्यांना जीभ नसते. “म्हणूनच माझं त्यांच्याशी पटतं,” असं मावशी म्हणत. अंडी काढणं, त्यांच्यावरचा बुळबुळीत थर उतरवणं, खराब अंडी निवडून टाकणं आणि भुवया बनवणं, ही चार कामं त्यांची. गर्भाच्या खोलीच्या दारावरची पाटीसुद्धा त्यांच्याच हातची. त्यांच्या अक्षराला वळण नव्हतं, पण धाक होता: ‘आत येताना अत्तर नको, क्रीम नको, नेलपॉलिश नको. ज्याने नियम मोडला त्याने बाहेर थांबायचं.’ हाताला साबणाचा वास आला म्हणून त्यांनी एकदा खुद्द मोठ्या सरांना नळाकडे परत पाठवलं होतं.

मोठे सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस उंच, शब्दाला कंजूस, आणि चूक दाखवताना आवाज चढवण्याऐवजी आणखी खाली आणणारा. त्यांच्या हाताखाली एक पोरगी तीन वर्षं एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागली होती. तिला सगळे पोरगीच म्हणत, कारण ती सगळ्यांत लहान होती आणि सगळ्यांत शेवटी घरी जायची.

पोरगीचा प्रश्न असा. गर्भ एका दिवसाचा होत आला की त्याच्या पाठीत, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, खंड पडायला लागतात. डोक्याकडून सुरुवात होते आणि शेपटीकडे साधारण पाऊण तासाला एक जोडी, अशी रांग वाढत जाते. पुढे त्यातूनच पाठीचे मणके आणि स्नायू होतात. पण त्या मऊ लगद्याला कसं कळतं, की आता इथे तुटायचं?

“शेपटीकडच्या पेशींत काही जनुकं आहेत, मावशी,” पोरगीने समजावलं होतं. “ती ठरावीक वेळाने जागी होतात, झोपतात, पुन्हा जागी होतात. प्रत्येक खेपेला एक खंड. आणि माझं सत्तावीस नंबरचं जनुक त्या वेळेला रेघ मारतं. इथवर हा, इथून पुढे तो.”

“म्हणजे शिंप्याचा खडू,” मावशी म्हणाल्या.

“अगदी! आता मी काय करते, अंड्याचे दोन भाग झाले की त्यातल्या एकाच भागात सुईने औषध सोडते. सत्तावीस नंबरला गप्प बसवणारं. त्या भागातून पुढे शरीराची एकच बाजू बनते. म्हणजे एकाच पिल्लाची एक बाजू खडूची आणि एक बाजू बिनखडूची!”

आणि तसंच व्हायचं. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत एका बाजूला खंडांची रांग कशी रेखीव, आणि दुसऱ्या बाजूला सगळं पुसट, एकात एक मिसळलेलं. पोरगी खोलीबाहेरच्या बोळात नाचली होती. मावशी नाचल्या नव्हत्या, पण त्यांनी त्या दिवशी बेडकांना दुप्पट खाऊ घातला होता.

चौथ्या फेरीने घात केला. या खेपेला खंड पडताना चित्रीकरण करायचं होतं. गर्भ स्वतःभोवती हळूहळू फिरतो, म्हणून त्याच्या अंगावरचा पातळ पापुद्रा काढून, बशीच्या तळाच्या मेणात भुवईचे दोन केस कमानीसारखे रोवून, त्याखाली त्याला रात्रभर निजवलं. मावशींनी त्यासाठी नवे केस उपटून दिले. जुन्या भुवयांची टोकं झिजली होती, म्हणून त्याही केराच्या टोपलीत टाकून नव्या केल्या. सकाळी बघतात तो दोन्ही बाजू पुसट. त्याहून वाईट म्हणजे, ज्यांना औषध न देता नुसत्या साध्या पाण्याची सुई दिली होती, ती पिल्लंही पुसट.

मोठे सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “पाण्याच्या सुईनेही बिघडतंय, म्हणजे दोष औषधाचा नाही. सुई घुसवणाऱ्या हाताचा आहे. मग आधीच्या तीन फेऱ्यांवर तरी मी विश्वास कसा ठेवू?”

समितीची बैठक आठ दिवसांवर होती. या कामाला पुढची दोन वर्षं द्यायची की पोरगीला निरोप द्यायचा, हे तिथे ठरणार होतं. पोरगी आपल्या हातांकडे बघत राहिली.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला मावशी बेडूकघरात आल्या. फळ्यावर पाचव्या फेरीची तारीख अजून तशीच होती. पोरगीला ती पुसायचं सुचलं नव्हतं, आणि पुसली नाही म्हणून मावशींनी आदल्या संध्याकाळी नेमाप्रमाणे दोन माद्यांना अंड्यांचं इंजेक्शन देऊन ठेवलं होतं. पहिल्याच टाकीत डोकावल्या आणि त्यांच्या तोंडून ‘अगं बाई!’ निघालं. तळावर अंडीच अंडी. महिनाभर ज्या मादीने नाटकं केली, तिनेच आज, कुणाला नको असताना, टाकी भरून टाकली होती.

“आता घालतेस होय गं बाई, वरात गेल्यावर!” मावशींनी तिला दटावलं. पण अंडी बघून हात गप्प बसेनात. त्यांनी रात्रभर पाण्यात भिजत ठेवलेल्या भुवया काढल्या आणि टिपायला टीपकागदावर ओळीने मांडल्या.

आणि मग त्या कागदाकडे बघतच राहिल्या. प्रत्येक केसाच्या टोकाशी एक तपकिरी वर्तुळ उमटत होतं. आठच्या आठ भुवया, आठ वर्तुळं. एक केस त्यांनी उजेडात धरला. टोकाकडे तो पांढरा पडला होता.

मावशींचा हात आपोआप स्वतःच्या भुवईकडे गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

गोष्ट अशी होती, की मावशी येत्या महिन्यात साठीच्या होत होत्या. पुढे काम मिळायचं तर नवा करार हवा आणि त्यासाठी मुलाखत होती. त्यांची लेक केस कापायच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, “आई, भुवया बघ तुझ्या, पार पिकल्यात. असं गेलीस तर खुर्ची देतील बसायला, काम नाही देणार. थांब, मी रंगवून देते.” मावशी नाही नाही म्हणत आरशासमोर बसल्या. काळ्याभोर भुवयांची बाई आरशातून बघायला लागली, तेव्हा त्यांना खरं तर बरंच वाटलं होतं. मुलाखत चांगली झाली. सरांची सही तेवढी व्हायची होती. आणि मुलाखतीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी चौथ्या फेरीसाठी केस उपटून दिले होते.

त्यांनी बोळात जाऊन लेकीला फोन लावला.

“तो रंग उतरतो का गं?”

“पहिले पंधरा-वीस दिवस उतरणारच. पांढरा अभ्रा घालू नकोस म्हणून बजावलं नव्हतं मी? का, अभ्रा खराब झाला?”

“अभ्रा नाही,” मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! पाटी कुणी लिहिली? सरांना नळावर कुणी पाठवलं? आणि स्वतः कपाळावर रंगाचं दुकान मांडून, तेच केस त्या उघड्या अंगाच्या पिल्लांवर रात्रभर घातले. केसाने गळा कापणं म्हणतात, तसं आपण या पोरीचं केलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण मावशींनी ती पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितली. त्यांनी आठही भुवया टीपकागदात गुंडाळल्या आणि केराच्या टोपलीवर हात धरला. कुणाला कळणार होतं? पोरगी उद्या जाईल, परवा सरांची सही होईल. टोपलीवर हात किती वेळ होता, ते त्यांनाही आठवत नाही. मग मागे खोके सरकवल्याचा आवाज आला. पोरगी आली होती. कप्प्यातलं सामान भरायला.

“बाळा, ते खोकं ठेव खाली,” मावशी म्हणाल्या. “तुझा हात चुकला नाही. हे बघ.”

आणि त्यांनी टीपकागद उलगडून, भुवईवर बोट ठेवून, सगळं सांगून टाकलं. मुलाखत, लेक, रंग, अभ्रा. पोरगी ऐकता ऐकता खाली बसली. मावशींना वाटलं, आता ही रडणार किंवा ओरडणार. ती पटकन उठली आणि तिने मावशींचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं.

“मावशी! अंडी आहेत का? आज? आत्ता?”

“टाकीभर.”

“मग उभ्या काय राहिलात!”

साडेआठला अंड्यांत नराचं बीज मिसळलं. दहाच्या सुमाराला दोन भाग होणार, म्हणजे दीड तास हातात. पण प्रश्न केसांचा होता. रंगवलेल्या केसांनी बिघडतं, हे दाखवायचं तर बिनरंगाचे केसही हवेत. पोरगीच्या भुवया कोरून दोऱ्याएवढ्या उरलेल्या, त्यावर पेन्सिल. शेजारच्या टेबलावरच्या दोघी तशाच. तिथला एक हसरा तंत्रज्ञ रोज कपाळभर क्रीम थापायचा. अख्ख्या मजल्यावर रंग, पेन्सिल, क्रीम यांपैकी काहीही न लागलेल्या भुवया एकाच माणसाच्या होत्या.

मोठे सर नवाच्या ठोक्याला आले. मावशी दारात उभ्याच होत्या.

“सर, दोन गोष्टी आहेत. एक सांगायची आहे आणि एक मागायची.”

सांगायची त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली. सर ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा दगड होत गेला. टीपकागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, नाकाशी नेला, टेबलावर ठेवला.

“तुमच्या करारावर माझी सही अजून झालेली नाही, हे माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“तरी सांगताय?”

“तुम्ही तिच्या हाताला नाव ठेवलंत, सर,” मावशी म्हणाल्या. “हाताला नाव लागलं की माणूस या धंद्यातून उठला. हात तिचा चुकला नाही. भुवई माझी चुकली.”

सरांनी टीपकागद घडी करून बाजूला ठेवला आणि विचारलं, “आणि मागायचं काय?”

“तुमच्या भुवईचे केस. सोळा.”

सरांनी चष्मा काढला. मावशींना वाटलं, आता बाहेर काढतील. पण ते खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, “दोन्ही बाजूंनी सारखे घ्या. उद्या समितीसमोर बसायचं आहे.”

मावशींनी असे सराईतपणे केस उपटले, की पहिल्या सहांना सरांना कळलंही नाही. सातव्याला ते ‘स्स’ म्हणाले. अकराव्याला डोळ्यांतून पाणी आलं. सोळावा केस कागदात पडला तेव्हा पोरगी दाराआडून बघत होती आणि तिने तोंडात रुमाल कोंबला होता. निम्मे केस पांढरे होते. पण होते ते खरे.

त्या दिवशी जी धावपळ झाली ती विचारू नका. दहाला अंड्यांच्या मध्यावर ती बारीक चीर पडली आणि पोरगीने सुई हातात घेतली. पहिल्या अंड्याला तिचा हात थरथरला. मावशींनी शेजारी स्टूल ओढलं आणि उगाचच मादीच्या नखऱ्यांची गोष्ट सांगायला लागल्या. चौथ्या अंड्यापासून हात स्थिर झाला. संध्याकाळी पाचला मावशींनी बारा गर्भ निवडले. चार पाण्याच्या सुईचे, रंगाच्या केसांखाली. चार पाण्याच्या सुईचे, सरांच्या केसांखाली. आणि चार सत्तावीस नंबर गप्प केलेले, तेही सरांच्याच केसांखाली.

“डब्यांवर नावं नकोत,” मावशी म्हणाल्या. “मी एकटी मिसळते, आकडे घालते, यादी पाकिटात बंद करते. सकाळी केसही मीच काढीन, म्हणजे काळे-पांढरे कुणाला कळायला नकोत. मोजायचं सरांनी. उद्या कुणी म्हणायला नको, की मावशीने पोरीला झुकतं माप दिलं.”

पोरगी त्यांच्याकडे बघतच राहिली. “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“म्हाताऱ्या बाईंनी. त्या म्हणायच्या, आपल्याला हवं ते दिसतं गं, म्हणून डोळ्यांना हवं-नको सांगायचंच नाही.”

सकाळी आठला मावशींनी श्वास रोखून चोवीस केस एकेक करून उचलले. कुठल्याही पिल्लाच्या केसालाही धक्का लागला नाही, असं म्हणायचं तर त्यांना केस नव्हतेच. साडेआठला सर बसले. पोरगी वही घेऊन शेजारी. मावशींनी मात्र मोजणी होईपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं. त्या उंबऱ्याबाहेर एप्रनची कड मुठीत धरून उभ्या राहिल्या. बाराही डब्यांत काय आहे, हे त्या इमारतीत फक्त त्यांना ठाऊक होतं.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण देवाजवळ काय मागतो आहोत. रंगाखालची पिल्लं चांगली निघाली, तर आपण सुटलो आणि पोरगी बुडाली. ती बिघडलेली निघाली, तर पोरगी सुटली. साठ वर्षांत पहिल्यांदाच आपला गुन्हा शाबीत व्हावा म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

“एक नंबर,” सर म्हणाले. “डावीकडे नऊ. उजवीकडे नऊ. स्वच्छ.”

एक नंबर सरांच्या केसांखालचा, पाण्याचा. मावशींनी श्वास सोडला.

“दोन नंबर. डावीकडे... मोजता येत नाहीत. पुसट. उजवीकडेही पुसट.”

दोन नंबर रंगाचा! मावशींनी एप्रनची कड दातांत धरली. पोरगीने मागे वळून बघितलं, पण मावशींनी चेहरा भिंतीसारखा ठेवला.

“तीन. डावीकडे नऊ, दहावा पडतोय. उजवीकडे पुसट.”

तीन म्हणजे सत्तावीस नंबर. एक बाजू खडूची, एक बाजू बिनखडूची. पोरगीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

चार स्वच्छ. पाच दोन्हीकडे पुसट. सहा एकाच बाजूला. मावशींना आता उभं राहवेना. त्या बोळात दोन पावलं जायच्या आणि परत यायच्या. सात नंबर सरांनी दोनदा मोजला आणि मावशी जागीच थबकल्या, कारण सात रंगाचा होता.

“डावीकडे नऊ. उजवीकडे नऊ. स्वच्छ,” सर म्हणाले.

मावशी तिथेच भिंतीला टेकल्या. एक पिल्लू असं कसं निसटलं? रंग लागला नाही, की आपलीच काही चूक झाली? आठ, नऊ, दहा ऐकू आले ते पाण्याखालून आल्यासारखे. आठ एकाच बाजूला, नऊ स्वच्छ, दहा स्वच्छ. अकरा एकाच बाजूला. राहिला बारा. बारा रंगाचा.

“बारा. पुसट,” सर म्हणाले. “दोन्हीकडे. पार पुसट. बघवत नाही.”

‘बघवत नाही’ हे ऐकून आनंदाने उडी मारणारी बाई त्या बोळात पहिली आणि शेवटचीच असेल.

पाकीट फोडलं. सरांनी यादी वहीशेजारी ठेवली आणि बोट खाली खाली नेलं. सरांच्या केसांखालची चार पाण्याची: चारही स्वच्छ. सत्तावीस नंबरची चार: चारही एकाच बाजूला बिघडलेली, आणि तीही नेमक्या सुईच्याच बाजूला. रंगाखालची चार: तीन दोन्हीकडे बिघडलेली, एक निसटलेलं.

“चार म्हणजे फार थोडी,” सर म्हणाले. “हे आणखी तीनदा करावं लागेल.” मग त्यांनी पोरगीकडे पाहिलं आणि त्यांना पुढचं वाक्य जड गेलं, हे सगळ्यांना दिसलं. “मी तुझ्या हाताला बोल लावला. तो मागे घेतो.”

पोरगी आता रडली. इतके दिवस अडवलेलं एकदम आलं. मावशी मात्र बाहेरूनच ओरडल्या, “अगं रडतेस काय, डबे झाक! पाण्यात मीठ पडेल!”

दुपारी चारला समिती बसली. तासाभराने पोरगी धावत बोळात आली ती दोन वर्षं घेऊनच आली. समितीतल्या एका गृहस्थांनी म्हणे विचारलं, की चौथ्या फेरीतली चूक कशी सापडली. सरांनी काही लपवलं नाही. रंगवलेली भुवई, टीपकागद, सगळं सांगितलं. ते सांगत असताना समितीचं लक्ष त्यांच्या स्वतःच्या विरळ भुवयांकडे होतं.

मावशी मोठमोठ्याने हसल्या. मग आवाज न करता उठल्या. सरांनी समितीला खरं सांगितलं ते बरोबरच, असं त्यांना वाटलं. मावशींनी खडू घेतला आणि दारावरच्या पाटीवर, अत्तर आणि क्रीमच्या खाली, आणखी एक ओळ लिहिली: ‘केसांना रंग नको.’ खालची ओळ आधीपासून होतीच. ज्याने नियम मोडला त्याने बाहेर थांबायचं. मावशींनी एप्रन काढून खुंटीला अडकवला, बेडूकघराची किल्ली पोरगीच्या हातात दिली आणि बोळातल्या बाकावर जाऊन बसल्या. बावीस वर्षांत त्या बाकावर त्या कधी बसल्या नव्हत्या.

“मावशी, हे काय?” पोरगी कळवळली.

“पाटी सगळ्यांना सारखी. माझ्यापुरती कानाडोळा करायची असती, तर लिहिलीच कशाला?”

पोरगी आत गेली. थोड्या वेळाने चाकांचा खडखडाट ऐकू आला. तिने सूक्ष्मदर्शक सामानाच्या गाड्यावर ठेवून, वायर ओढत, बोळात बाकासमोर आणून उभा केला होता. “तुम्हाला आत यायची बंदी आहे. याला बाहेर यायची नाही. बघा, तीन नंबर.”

मावशी वाकल्या. आत ते पिल्लू आडवं पडलं होतं. एका बाजूला एकोणीस खंड, एकापाठोपाठ एक, कुणी पट्टी लावून आखल्यासारखे. दुसऱ्या बाजूला नुसता मऊ लगदा, खडूची वाट बघणारा. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या पिल्लाने अंगाला एक झटका दिला. पहिली वळवळ! बावीस वर्षांपूर्वी एकाचे दोन होताना जो आनंद झाला होता, तोच पुन्हा तसाच उसळून आला.

मागे सर उभे होते, हे त्यांना उशिरा कळलं. सरांच्या हातात लिफाफा होता.

“करार,” सर म्हणाले. “सही केली आहे. पण कामावर यायची तारीख मी बदलली. दीड महिना पुढे टाकली आहे.”

मावशी बाकावरून उठल्या. “शिक्षा का, सर?”

“तुमच्याच पाटीचा नियम. रंग घालवायला तेवढे दिवस लागतील.” त्यांनी आपल्या विरळ भुवईवरून बोट फिरवलं. “पुढच्या फेऱ्यांना केस लागणार आहेत आणि माझ्याकडे फार उरलेले नाहीत. तेव्हा मावशी, येताना पिकलेल्या भुवया घेऊन या. तशा असतील तरच आत घेणार.”

मावशींनी लिफाफा दोन्ही हातांनी घेतला. मग त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. तिथून डोकं वर न करताच त्यांनी पोरगीला विचारलं, “आज टाक्यांचं पाणी बदललं का कुणी?”